चिमीच्या अंगणातला फ्लेक्स

जाहिरातीचा एक जुना फ्लेक्स आहे मी, मित्रांनो. बोईसरच्या छपाईच्या दुकानात मशीनमधून बाहेर पडलो, तेव्हा माझ्यावर एक मुलगी छापलेली होती. दोन वेण्या, गालाला खळी, दातांत गोड सुपारीची पुडी. "बच्ची मस्त आयी है," मशीनवरचा माणूस म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक. मी हरखून गेलो.

मला सातपाटीला, शाळेसमोर तात्यांच्या दुकानावर बांधलं. तिसरीतली चिमी रोज माझ्याखाली उभी राहायची. माझ्यावरच्या मुलीसारखी मान तिरकी करायची, पुडीचा कोपरा दातांनी फाडायची आणि अगदी तशीच हसायची. मला वाटायचं, किती गोड दिसते! खरंच सांगतो, मला तेव्हा काही कळत नव्हतं.

मग चिमी डब्यातलं कालवण कावळ्यांना टाकू लागली. तिच्या वर्गाच्या दीपिका बाईंनी तिला माझ्याखालीच गाठलं.

"तिखट खाल्लं का तोंड जलतं, बाई."

बाईंनी तिला तिचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली. तिसरं अडलं. "सुपारीनं तोंड आखडलंय हिचं," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. शाळेपासून शंभर मीटरच्या आत अशी जाहिरात नको, बाईंनी मागणी केली.

"सुपारी हाय ती, दारू नाय," तात्या म्हणाले. "उद्या लिमलेटच्या गोळ्या पन बंद करा."

"तुमच्या नातीला देता का रोज एक पुडी?" मागून चिमीची आई, बायडी, बोलली.

तात्या टोपी सारखी करत बसले. ठराव झाला. दुसऱ्या दिवशी माझ्या दोऱ्या कापल्या आणि मित्रांनो, मला बरंच वाटलं.

पण आमच्या सातपाटीत प्लास्टिकचा तुकडा वाया जात नाही. बायडीनं मला रस्त्यावरून उचललं. "जवला सुकवायला बरा हाय. वालू नाय लागायची."

तिनं मला अंगणात पसरलं, गुळगुळीत बाजू वर, म्हणजे जवळा, ती बारीक कोलंबी, चिकटत नाही. गुळगुळीत बाजू म्हणजे चित्राची. वर जवळा पसरून ती बाजाराला गेली, आणि कावळे हाकायला बसवलं कोणाला? चिमीला.

शंभर मीटरपलीकडे हटवलेला मी आता तिच्या मांडीला टेकलो होतो. दुपारी तिनं हातानं जवळा बाजूला सारला. ती मुलगी वर आली, हसत. चिमीनं मान तिरकी केली. तिचा हात फ्रॉकच्या खिशात गेला. नको गं बाळा, नको, मी आतल्या आत कळवळत होतो. पण मला आवाज नाही. मला एक हसणं दिलंय, तेही पुसता येत नाही.

तेवढ्यात बायडी पाटी घेऊन आली. तिनं पाटी खाली ठेवली.

"दे."

"एकच हाय गे आये."

"दे, बाय."

पुडी घेतली. मग तिची नजर माझ्यावरच्या मुलीकडे गेली. "मीच आनली गे हिला घरात," ती म्हणाली. तिनं सगळा जवळा पाटीत भरला, माझे कोपरे धरले आणि मला उलटं घातलं.

"आता जवला चिकटंल," चिमी म्हणाली.

"चिकटू दे."

आता त्या मुलीचं तोंड वाळूत आहे. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सुपारी पूर्ण सुटली तर चिमीचं तोंड आणखी आखडणार नाही. हळूहळू थोडं उघडेलही. सुटली तर. पुड्या अजून मिळतात, आणि चिमी फक्त आठ वर्षांची आहे.

पाऊस जवळ आला की जवळ्याचं काम संपेल. मग मला कोणी झोपडीच्या झापावर घालेल, कोणी होडीवर. मित्रांनो, तो कोणी तुमच्या घरातला असेल, तर एवढंच सांगा त्याला: चित्र खाली ठेव.