सोनेरी फिल्मची परीक्षा आणि शिओझाकींचं फडकं

मी सोनेरी फिल्म बोलतेय. मूळची प्लास्टिकचीच, केसाहून पातळ. उपग्रहाला उन्हा-थंडीपासून जपायला माझ्या बहिणींना त्याच्या अंगावर गुंडाळतात. मी मात्र जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत परीक्षेला बसले.

आम्ही वीज आरपार जाऊ देत नाही. हा गुण खरा, पण अवकाशात किरणांचा मारा सुरू झाला की वीज अंगात साठते आणि एक दिवस ठिणगी उडते. उपग्रह आंधळा-बहिरा! तिथली संशोधक कानाए मिझोगुची मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती, "तेच किरण हिला बदलतात. मग वीज आपली हळूहळू झिरपून जाते." तिचं खरं ठरलं तरच नव्या उपग्रहावर माझ्या बहिणी जाणार होत्या.

डिसेंबरात मला हवा काढलेल्या लोखंडी पेटीत ठेवून किरणांनी बदडलं. मग वर्षअखेरीची साफसफाई आली. त्या दिवशी तिथे साहेबसुद्धा फडकं मारतात.

नववर्षाची सुट्टी संपल्यावर मला मोजलं, तर मी नव्यासारखी! वीज घट्ट धरून बसलेली.

"काही बदललं नाही, मिझोगुची-सान," विभागप्रमुख म्हणाले. "महिनाअखेरच्या बैठकीत दुसरी फिल्म सुचवू."

कानाए भाताचा गोळा नुसता कुरतडत बसली. तेवढ्यात म्हातारे तंत्रज्ञ शिओझाकी आले.

"असं आंबट तोंड का?"

"फिल्म जशीच्या तशी आहे हो."

"असणारच! सुट्टीभर माझ्या फळीवर आराम करत होती."

"फळीवर? तुम्ही पेटी उघडलीत?"

"मग बंद पेटी आतून पुसू कशी? तीस वर्षं पुसतोय!"

"अहो शिओझाकी-सान, हवा लागून किरणांनी केलेला बदल पुसला गेला, ही बरी झाली ना!"

मी तरी दुसरं काय ओरडत होते?

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि कमरेत इतका वाकला की कानाएलाच कसंतरी झालं. "पुन्हा मारा किरण. मी पहाऱ्याला बसतो. फडकं घेऊन माझी बायको आली तरी आत सोडणार नाही!"

या खेपेला दार न उघडता पेटीतच मोजलं. सकाळी भरलेली वीज दुपारच्या चहापर्यंत निथळून गेली. कानाए टाळ्या पिटत होती आणि शिओझाकी फडकं उंच धरून "बानझाई!" असा जयजयकार करत होते.

बहिणी वर गेल्या. मी पेटीच्या दारावर चिकटून आहे. खाली शिओझाकींच्या अक्षरात लिहिलंय, 'आधी मोजा, मग पुसा.' ते निवृत्त झाले, पण दर डिसेंबरात कुणीतरी फडकं घेऊन येतं, वाचतं आणि खुदकन हसतं. तुम्हीही आलात तर दाराला हात लावण्याआधी जरा थांबा. आत परीक्षेला बसलेल्या फिल्मबाईचं अजून सांगून व्हायचं असेल.