तेरावा खिळा

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, पलावान बेटाच्या किनाऱ्यावर एका मोडक्या होडीतून मला कापून काढलं, बारा खिळे ठोकले आणि क्रिसांतो तांडेलाच्या बोटीवर टांगलं. समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी राहणारे काकडीसारखे जीव, गोळा करायला बुडी मारणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून कमरेला बांधी आणि वर आला की परत अडकवी. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून पाण्यात. माझ्याकडे पाहिल्याशिवाय नांगर उचलला जात नसे. याचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी आमच्या बुडी मारणाऱ्यांपैकी डेल्फिनचा धाकटा भाऊ बिनो कामावर आला.

"कुया," त्याने थोरल्या भावाला हाक मारली, "माझा बिल्ला कुठे लावू?"

"लाव माझ्याच खिळ्यावर. भावाभावांत कसला आलाय वेगळा खिळा!"

सगळे हसले. मलाही तेव्हा ते गोड वाटलं.

दुपारी वारा फिरला. माणसं भराभर वर आली. डेल्फिनने बिल्ला अडकवला आणि डोकं धरून कोपऱ्यात आडवा झाला. क्रिसांतोने माझ्यावर नजर टाकली. एकही खिळा रिकामा नव्हता.

"आले सगळे! उचला नांगर!"

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्या क्षणी मला स्वतःच्या लाकूडपणाची चीड आली.

इतक्यात भात वाढणारी अम्पारो डाव टाकून उठली. "थांबा! सकाळी येताना डेल्फिनच्या खिळ्यावर दोन बिल्ले खणखणत होते, डोकं उठवलं होतं. आता आवाज का नाही?"

डेल्फिन ताडकन उठला. "बिनो कुठाय?"

प्रवाहाने त्याला खडकाआड ओढून नेलं होतं. खडकाला मिठी मारून बसलेला बिनो सापडला. डेल्फिन लहान मुलासारखा रडला.

"भावावरची माया ताटात दाखव रे, खिळ्यावर नको!" अम्पारो करवादली आणि दोघांना एकाच पानावर भात वाढला.

त्याच संध्याकाळी क्रिसांतोने मला तेरावा खिळा ठोकला.

आता बोट नाही. मी गावच्या शाळेत भिंतीवर आहे. मिलाग्रोसबाई कधीमधी माझी धूळ झटकून मुलांना गणित शिकवतात, की एकही खिळा रिकामा नसेल तर ती मांडणी आच्छादक, आणि एका खिळ्यावर दोन बिल्ले नसतील तर ती एकास-एक. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. मुलं मान डोलावतात आणि सुट्टीत एकाच खिळ्यावर तीन-तीन टोप्या कोंबतात. बाकीचे खिळे गंजत चालले आहेत.

मित्रांनो, भरलेली फळी पाहून सगळे परतले असं समजू नका. नवा माणूस आला, की त्याच्यासाठी वेगळा खिळा ठोका. मला दुखेल, पण ठोका.