शनिवारचं शिसं

उद्यमबागेतल्या आमच्या लॅबमध्ये पोलादात शिसं किती आहे ते तपासतात. दहा लाखांत एखादा कण असला तरी मशीन पकडतं. मी, विद्युल्लता, इथली मुख्य केमिस्ट, आणि तापट. मशीनवर ओरडून उपयोग नसतो, म्हणून माणसांवर ओरडते.

चिन्मयीवर मात्र ओरडवत नसे. खासबागेतून येणारी, अजून नोकरीत कायम न झालेली मुलगी. वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर. काम नेटकं, हात हलका. तरी अधूनमधून तिचा एखादा रिपोर्ट चांगल्या पोलादातही जास्त शिसं दाखवायचा. मालक धवलशेठ वैतागले. आणखी एक चूक झाली तर हिला घरी पाठवा, म्हणाले.

चुका नेमक्या शनिवारीच होतात हे माझ्या ध्यानात आलं. मग त्या शनिवारी मी तिच्या शेजारीच बसले आणि पोलाद न घालता, ते ज्यात विरघळवतात ते ॲसिड नुसतंच तपासायला सांगितलं. काम करताना तिनं हातमोज्यानंच कपाळाचा घाम टिपला. मोज्याला शेंदरी डाग लागला. थोड्या वेळानं मशीननं नुसत्या ॲसिडमध्येही शिसं दाखवलं.

जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासूनच करतात. तिची आई, जयाबाई, दर शनिवारी मारुतीचा शेंदूर लेकीच्या कपाळाला लावायची. कशासाठी? तर नोकरी टिकावी म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, इथे तर खराच मारुती निघाला. मला हसू आलं नाही, डोळेच भरून आले.

शेठना समजावणं सोपं गेलं. चिन्मयी मात्र घरी जायलाच धजेना.

"मॅडम, आईला कसं सांगू? माझ्याच हातानं पोरीचं वाटोळं व्हतंय म्हणंल ती."

मग मीच तिच्याबरोबर गेले. जमेल तितक्या गोडीनं सांगितलं, आणि गोडी मला फारशी जमत नाही. जयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे माझ्यामुळंच व्हय?"



त्या उठून मोरीत गेल्या. साबणानं हात धुतले, नखं घासली, पदराला पुसले. चिन्मयीच्या डोक्यावर नुसता तळवा ठेवला आणि भीतभीत माझ्याकडं पाहिलं.

"ह्यात तर काय न्हाय न्हवं, बाई?"

"काही नाही, आक्का," मी म्हणाले. "ठेवा. रोज ठेवा."