बार्शीचा ताप

कोंडिरामांनी नातीजवळ बसणं सोडलं होतं. पूनम सागरमधल्या दोन खोल्यांच्या घरात कुणाला टाळायचं म्हणजे कसरतच, पण म्हातारा हट्टाला पेटला होता. जेवणसुद्धा गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी.

झालं होतं असं, की आधी सात वर्षांच्या अनुष्काला चिकुनगुन्या झाला आणि मागोमाग त्यांना. आता दोन हजार सहाची ती साथ सगळीकडे होती, पण संध्याच्या सासरेबुवांचं म्हणणं, हा ताप त्यांचाच. त्र्याहत्तर साली बार्शीत त्यांना असाच सांधे धरणारा ताप आला होता. तो गुडघ्यांत बिऱ्हाड करून बसला, त्यांच्यासोबत मीरा रोडला आला आणि इथल्या डासानं तो उचलून पोरीला दिला.

"माझ्यापायी लेकरू आडवं झालं. मी गावाकडं जातो," म्हणून त्यांनी पिशवीही भरली. गावात त्यांना भाकरी करून घालणारं कुणी उरलं नव्हतं. संध्यानं परोपरीनं समजावलं. सुनेचं ऐकतील तर ते कोंडिराम कसले!

तिची सगळी भिस्त आता भावावर होती. उदय पुण्याला प्रयोगशाळेत होता आणि दोघांचं रक्त तिथंच तपासायला गेलं होतं. रविवारी तो आला.

"बाबा, हा तुमचा बार्शीचा ताप नाहीच," उदय म्हणाला. "विषाणूच्या जनुकसाखळीत बारा हजारांच्या आसपास अक्षरं असतात. ती आम्ही ओळीनं वाचली. त्र्याहत्तरच्या बार्शीच्या साथीतला विषाणू आमच्याकडे जपून ठेवलाय, तोही वाचला. जुळत नाहीत."

"तुमीच म्हनता ना, त्यो सारखा बदलतो?"

"बदलतो. स्वतःची नक्कल करताना चुका करतो, त्या तशाच पुढच्या पिढीत जातात."

"मग पाव्हणं, तीस वर्सांत माझा बदलला नसंल कशावरून?"

संध्याला हे पटलं. मग उदयकडे पाहून ते पटू नये असंही वाटलं.

"चुका कोणत्या, हे बघतो आम्ही," उदय म्हणाला. "तुमच्या विषाणूच्या खास खुणा यात नाहीत. हा आफ्रिकेकडचा. दोघांचा मूळपुरुष एक, पण भाऊबंद फार पूर्वी वेगळे झाले."

"म्हणजे भाऊकीतलाच की."

संध्यानं कपाळाला हात लावला. बदलतो म्हणून ओळखता येतो आणि बदलतो म्हणूनच ओळख लागत नाही, असं काहीतरी डोक्यात गरगरत होतं. शेवटी तीच चिडून म्हणाली, "उदय, सरळ सांग ना, बाबांनी आणला की नाही?"

"नाही. बाबा यायच्या आधीच भाईंदर पश्चिमेला हाच सापडला होता. अनुष्काचा आणि बाबांचा तर अक्षरन् अक्षर सारखा."

कोंडिराम पिशवीकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले. संध्याला रडू येईलसं वाटलं. सुटलो एकदाचे, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात पलंगावरून अनुष्का हळूच म्हणाली, "मामा, मग आजोबांना माझ्यामुळे झाला? मीच आधी आजारी पडले होते."

उदय गडबडला. "तसं नाही गं. सारख्या अक्षरांवरून कुणाचा कुणाकडे गेला ते नाही सांगता येत. कदाचित..."

"पण आधी मीच पडले ना," पोर म्हणाली. आजोबांच्या सुजलेल्या गुडघ्यांवरून तिची नजर हलेना.

कोंडिराम भिंतीला धरून उठले. कण्हत, एकेक पाऊल टाकत पलंगाशी गेले आणि नातीला लागूनच बसले.

"तुज्या मामाला काय कळतंय," ते म्हणाले. "बार्शीचाच हाय ह्यो. माझ्याच गुडघ्यातला. तुला मीच दिला, बाळा."

उदयनं तोंड उघडलं. संध्यानं त्याचा हात गच्च दाबला.

"खरंच?" अनुष्कानं विचारलं.

"आईची आन," कोंडिराम म्हणाले, आणि तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.