उरलेलं कापड

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, हनोईतल्या एका गल्लीत, निनादच्या नव्या पँटची खालची दुमड चार बोटं उतरली आणि निनाद चार बोटं वाढला. तो सहा वर्षांचा होता, आता आठवं संपत आल्यासारखा दिसत होता. त्याच्या आईने, हेमांगीने, खाली बसून दुमड पाहिली. टाके आपोआप सुटत होते. एक टाका सुटे, मग जरा वेळाने दुसरा, शेंगा सोलायला बसलेल्या बाईच्या सावकाशीने.

"आई, आता बरोबर बसली बघ पँट," निनाद म्हणाला.

खरंच बसली होती. सकाळी ती त्याच्या टाचांखाली येत होती.

हेमांगी मगदूम सांगलीची. तिचा नवरा सुकुमार पंपाच्या कारखान्यात होता आणि हनोईच्या बाहेर कुठेतरी पंप बसवायला आला होता. कंपनीने खोली दिली होती आणि मुलांना सुट्टी होती, म्हणून बायको आणि दोन्ही मुलंही आली. पहिले दोन दिवस त्यांनी सगळे पाहतात ते पाहिलं. तळं पाहिलं, देऊळ पाहिलं, पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्या पाहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी अकरा वर्षांच्या शलाकाने जाहीर केलं, की सगळीकडे तीच माणसं आहेत, एकाच रंगाच्या टोप्या घालून एका झेंड्यामागे चालतात, आणि तिला आता त्यांचे चेहरेसुद्धा पाठ झालेत. हेमांगीला ते पटलं. ती महाबळेश्वरलाही पॉइंट सोडून मागच्या आळीत कांद्याचा भाव विचारत हिंडणारी बाई. तेव्हा मंगळवारी सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घालून तिने दोन्ही मुलांना बसमध्ये बसवलं, शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं, आणि तिथून तिघं गल्ल्यागल्ल्यांतून चालत निघाली.

चांगलं चाललं होतं. जुन्या चार मजली चाळी होत्या, त्यांच्या गॅलऱ्यांना गज लावून लोकांनी आत स्वयंपाकघरं केली होती. एका खांबावरचा कर्णा सगळ्या वस्तीला मोठ्याने काहीतरी बजावत होता आणि एकही माणूस ऐकत नव्हता. मुली पायाने पिसांचं फूल उडवत खेळत होत्या, ते जमिनीवर पडू द्यायचं नाही असा खेळ. शलाका तिथून हलायला तयार नव्हती. पुढे एक डबकंवजा तळं लागलं, त्याच्या कठड्यावर निनाद चढला आणि त्याची पँट मागून टर्रकन फाटली. म्हणून शिंपी शोधणं आलं.

शिंपीणबाईचं दुकान चोपन्न नंबरच्या गल्लीत, बारा नंबरच्या घरात होतं. बाई म्हातारी होती आणि पायमशीनवर बसली होती. ती तिच्या भाषेत बोलली, हेमांगी आपल्या भाषेत बोलली, दोघींना सगळं कळलं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दोन मीटरचा निळा जाड तुकडा निघाला. माप घेऊन झाल्यावर हेमांगीने तेच सांगितलं जे तिच्या आईने आणि आजीने प्रत्येक शिंप्याला सांगितलं होतं.

"वाढत्या अंगाचं शिवा, मावशी. आत माया चांगली सोडा."

सांगलीत आजवर कुठल्याच पोराने स्वतःच्या मापाचा कपडा घातलेला नाही. जूनमध्ये शिवलेला शाळेचा शर्ट पोराला अंगात घालून वर शेजाऱ्यालाही घेता येईल एवढा असतो, आणि तो अंगाला बसेपर्यंत कोपरावर विरतो. हेमांगीच्या लग्नातल्या ब्लाउजच्या शिवणीतही चार बोटं कापड होतं आणि ते उपयोगाला आलं, हेही खरं. तेव्हा बाईने कापून झाल्यावर उरलेला मोठा तुकडा हातात धरला आणि याचं काय करू म्हणून विचारलं, तर हेमांगीला उत्तर शोधावं लागलं नाही.

"तेही आतच घाला. वाया कशाला घालवायचं?"

"सगळं?"

"सगळं."

बाईने तिसऱ्यांदा विचारलं. मग चष्मा लावला, निनादकडे बराच वेळ पाहिलं आणि मशीन चालवायला घेतलं. एवढं कापड आत जाऊनही पँट जराही जाड झाली नाही. हेमांगीला त्याचं कौतुकच वाटलं. दुकानातून निघताना ती खुशीत होती, फुकटात काहीतरी पदरात पाडून घेतल्यासारखी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो. त्या भागात अंथरूण पसरलं की पाय त्याच्या मागोमाग पसरत. हे हेमांगीला पावणेबाराला कळलं, कोपऱ्यावर बर्फाचा चहा विकणाऱ्या बाईकडून. तोवर निनाद दहाचा झाला होता. शर्टाने पहिल्या वीतभरातच हात टेकले होते, बटणं गटारात गेली होती, आणि हेमांगीने स्वतःची ओढणी त्याच्या खांद्यावरून गुंडाळली होती. त्याच्या चपला तिच्या पिशवीत होत्या, दशम्यांच्या डब्याशेजारी.

चहावालीने वाकून दुमड पाहिली आणि सांगितलं, की इथलं कापड माणसासाठी थांबत नाही, माणसालाच वाढून त्याला पुरावं लागतं. म्हणून इथले लोक अगदी अंगाबरोबर शिवतात. मग तिने विचारलं, आत किती घातलंय.

"सगळं," हेमांगी म्हणाली.

चहावालीने पेला खाली ठेवला. "मग परत जा," ती म्हणाली. "लवकर जा."

हेमांगीने आधी सोपा उपाय करून पाहिला, एका भिंतीच्या आडोशाला पँट काढायचा. पँट निघाली नाही. निनादला ते आवडलंही नाही, कारण तो आता तेरा वर्षांचा होता आणि आईने रस्त्यात पँटला हात लावावा असं त्याचं वय राहिलं नव्हतं. त्याने तिचा हात बाजूला केला. रागाने नव्हे, पण केला.

तिने सुकुमारला फोन लावला. मागे पंपाचा आवाज येत होता. निनाद फार भराभर वाढतोय, असं तिने सांगितलं. सुकुमार म्हणाला, की आमच्या घराण्यात सगळे उंचच, त्याचे आजोबा तर दारातून वाकून यायचे, आणि पोरगा नीट जेवतोय ना. जेवतोय, ती म्हणाली. खरं तर तो पाचवी दशमी खात होता. सुकुमारने दिवस मावळायच्या आत खोलीवर या म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

चोपन्न नंबरची गल्ली सापडली, पण तिच्यात बारा नंबरचं घर नव्हतं. बारा नंबरची गल्ली होती. तिच्या तोंडावर पाटी होती, चोपन्न तिरपी रेघ बारा. आत गेल्यावर तीन नंबरची गल्ली लागली, तिच्या आत सातची. प्रत्येक पाटीवर एक तिरपी रेघ वाढत होती आणि गल्ली एकेक हात अरुंद होत होती. सकाळी हे सगळं शहर दुमडून आत घातलेलं होतं आणि आता उसवत होतं, एवढंच. हेमांगी पाट्या वाचून दमली. मग निनाद वाचायला लागला. त्याचा आवाज फुटला होता. एका फेरीवाल्याकडून मोठ्या माणसाचा शर्ट घेऊन दिला तेव्हा त्याने स्वतःच माप सांगितलं, आणि दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला स्वतःच रस्ता विचारला, तिथल्या भाषेत, तिथल्या माणसासारखा.

"इकडून, आई," तो म्हणाला.

सकाळी त्याचा समोरचा दात हलत होता. बसमध्ये तो जिभेने हलवून हलवून दाखवत होता आणि हेमांगी त्याला गप्प बस म्हणाली होती. आता तिने त्याला तोंड उघडायला लावलं. सगळे दात भरलेले होते, मोठे, सुकुमारसारखे किंचित पिवळे. तो दात कधी पडला हे तिला कळलं नव्हतं, आणि तो कुठल्या गल्लीत पडला असेल हे सांगणारंही कुणी नव्हतं. तिला तिथेच रडू आलं. निनादने थोडा वेळ थांबून तिला रडू दिलं आणि मग पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

पाचव्या तिरप्या रेघेनंतर मध्येच एक मोठा रस्ता आडवा आला. मोटरसायकलींचा लोंढा वाहत होता, त्यात फट म्हणून नव्हती. हेमांगीने नेहमीप्रमाणे एका हाताने शलाकाला धरलं, दुसऱ्याने निनादला, आणि पाय पुढे टाकला. रस्त्याच्या मधोमध पोचली तेव्हा निनादने तिला धरलेलं होतं. त्याने हात वर करून मोटरसायकली थांबवल्या, दोघींना पलीकडे नेलं आणि मागे वळून पाहिलंही नाही. पलीकडे गेल्यावर शलाका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. कालपर्यंत ती त्याला खिडकीची जागा द्यायची नाही, त्याच्या वाटणीची बर्फी खायची आणि त्याला शेंबड्या म्हणायची. तिने सकाळी नवा फ्रॉक नको म्हणून हट्ट धरला होता, म्हणून ती अकराचीच होती.

"दादा," ती म्हणाली, "मला उचलून घे ना. पाय दुखतायत."

त्याने तिला कडेवर घेतलं. हेमांगीला वाटलं, हिला कोणी शिकवलं नाही, तरी ही दादा म्हणाली. तिला मुलीचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

दुपारचे चार वाजून गेल्यावर दुकान सापडलं. गल्ली तिथे एवढी अरुंद होती, की निनादला खांदे तिरके करून शिरावं लागलं. त्याचं पोट थोडं सुटलं होतं. तो हेमांगीच्या वयाचा झाला होता, कदाचित एखादं वर्ष मोठाच. दारापुढच्या चौकात मुली पायाने पिसांचं फूल उडवत होत्या, आणि शलाका त्याच्या कडेवरून उतरून सरळ त्यांच्यात गेली.

शिंपीणबाई मशीनवर होती. तिला नवल वाटलं नाही. तिने निनादला समोर उभं केलं, दुमड उलटी केली, दाताने एक धागा तोडला आणि ओढला. आत उरलं होतं ते सगळं कापड बाहेर आलं. निळ्या कापडाचा ढीग जमिनीवर पडला, त्याचं एक टोक अजून निनादच्या पँटमध्ये होतं. ढीग गुडघाभर होता. तो बघून हेमांगीला आधी बरं वाटलं. मग तिने पाहिलं, की ढीग हळूहळू टोकाकडे सरकतोय.

"हे परत आत दुमडा," ती म्हणाली.

"कापड दुमडेल. तो नाही दुमडणार."

"मावशी, मला माझा सहा वर्षांचा पाहिजे."

"तो शिवलेला नव्हता," बाई म्हणाली. "तो तसाच आला होता."

मग तिने कामाचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. कापड कापलं, की मुलगा त्याच वयात थांबेल. पुढचं त्याला मिळणार नाही. नाही कापलं, तर कापड आहे तोवर तो आहे, आणि या वेगाने ते दिवेलागणीला संपेल. कापायचं ते आईनेच कापायचं, कारण सगळं म्हणून सांगणारी तीच. तिने मशीनच्या खणातून कात्री काढली आणि हेमांगीच्या हातात दिली. कात्री जड होती आणि मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली होती.

हेमांगी जमिनीवर बसली. तिने ढिगातून येणारं कापड हातात घेतलं आणि जागा शोधू लागली. इथे कापावं, तर याच्या पुढचं सगळं त्याचं गेलं, आणि ते कसं असेल हे तिला माहीत नव्हतं. अजून दोन बोटं जाऊ द्यावीत. कदाचित ती दोन चांगली असतील. दोन बोटं गेली. निनादच्या कानावरचे केस पांढरे झाले. मग तिला वाटलं, मघाशीच कापायला हवं होतं, आणि मघाशी तर ती अजून दोन बोटं म्हणत होती. ती अशीच बाई होती, पोराच्या ताटात नेहमी एक घास जास्त वाढणारी.

"निनाद, तू सांग बाबा," ती म्हणाली. "कुठे कापू?"

तो वाकला आणि त्याने ढिगाकडे पाहिलं. वाकताना त्याच्या गुडघ्यातून आवाज आला.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "तुला जमेल तिथे काप, आई. मला दुखणार नाही."

तिने कात्री उघडली. पाती कापडाच्या दोन्ही बाजूंना लावली. डोळे मिटले आणि पुन्हा उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी कापलेलं कधीच सरळ येत नाही.

तेवढ्यात बाहेरून शलाकाने हाक मारली, की आमच्यात एक गडी कमी पडतोय, दादाला पाठव.

"आलो," निनाद म्हणाला.

तो वळला आणि दाराबाहेर उन्हात गेला. त्याचं डोकं तिथे पूर्ण पांढरं दिसलं. मुलींनी त्याच्याकडे फूल उडवलं, तो ते झेलायला पुढे धावला, आणि हेमांगीच्या उघड्या कात्रीमधून निळं कापड सरसर त्याच्या मागे निघालं.