आशादेवीचं नाणं

“नाणं दे नार्डस, जबडा आवळत चाललाय,” थालिया म्हणाली. ती मिर्टाची, म्हणजे नार्डसच्या गेलेल्या बायकोची, थोरली बहीण. प्रेताला न्हाऊ घालून तिने हात पुसले होते. तोंडात नाणं नसेल तर नदीवरचा नावाडी मेलेल्याला पलीकडे नेत नाही, हे रोममधलं शेंबडं पोरही सांगेल.

नार्डसच्या मुठीत दोन नाणी होती. दोन्हींचे ठसे टांकसाळीत त्यानेच कोरलेले. एकावर नवा सम्राट आणि मागच्या बाजूला ताडाखाली हात बांधून बसवलेली कैदी बाई. दुसऱ्यावर मारला गेलेला जुना सम्राट. त्याची नाणी वितळवायचा हुकूम होता. ठसे तर नार्डसनेच छिन्नीने फोडले होते. हे एकच नाणं त्याने चपलेत लपवून आणलं, कारण त्याच्या मागच्या बाजूला आशादेवी होती. एका हातात फूल, दुसऱ्या हाताने झग्याची कड उचललेली. देवी कसली, मिर्टाच ती. गल्लीतला चिखल ओलांडताना ती अश्शीच कड उचलायची.

“चालतंय ते घाल की,” थालियाने नव्या नाण्याकडे बोट केलं.

“बांधलेली बाई तिच्या तोंडात घालू? तुम्हा दोघींना रोमला कसं आणलं होतं, विसरलीस वाटतं.”

थालियाचा चेहरा उतरला, पण ती हटेना. “अरे, त्या मेल्याचं नाणं बाजारात कुत्रं विचारत नाही. नावाड्याने परत फेकलं तर माझी बहीण काठावरच बसेल, कायमची.”

“नावाड्याला कसले आलेत सम्राट? सगळे त्याच्याच नावेतून गेलेत. हाही गेला.”

तरी धाकधूक त्यालाही होतीच. त्याने धारेच्या दगडावर पाणी घातलं आणि सम्राटाचं नाक, मग हनुवटी, मग नाव घासून काढलं. देवीची बाजू जपून कापडात धरली होती. हे दिलं की मिर्टाची एवढीशीही खूण घरात उरणार नव्हती, आणि आशादेवी पुन्हा कोरायची तर वरून हुकूम यावा लागतो. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

“आण इकडे,” थालिया म्हणाली. देवीची बाजू वर करून तिनेच ते जिभेवर ठेवलं.

चिता विझल्यावर दोघं परतली. गल्लीत नेहमीसारखा चिखल होता. नार्डस सवयीने कडेला थांबला, आधी मिर्टाला जाऊ दे म्हणून. थालिया मागेच उभी होती. मिर्टाला चिखल ओलांडायला लागला असता तेवढा वेळ तीही थांबली.