अन्वरच्या रोज्यांत सुटलेली बिडी

माझी भाची कुसुम हिचं लग्न झालं ते साल एकोणीसशे छप्पन. फाल्गुनात, खेडला, मी मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा होतो. मंगलाष्टकं चालू असतानाच खोकल्याची उबळ आली आणि रुमालात रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, बिडी सोडा, नाहीतर दोन वर्षं काढणार नाहीत. निघताना बहिणीनं ज्येष्ठमध बांधून दिला. तलफ आली की चघळ म्हणाली.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होतो. बायको वारल्यापासून काळेवाडीत एकटाच राहायचो. बोलायला माणूस एकच, शेजारच्या लेथवरचा अन्वर. जेवणाच्या सुट्टीत आम्ही आवारातल्या लिंबाखाली बसून एका काडीत दोन बिड्या पेटवायचो. ज्येष्ठमध चघळून पाहिला, पण त्यानं काडी ओढली की माझा हात पुढं जायचाच.

तेवढ्यात रमजान लागला. अन्वर म्हणाला, दिवसभर मी ओढणार नाही, तूही ओढू नको, आणि रोजा सुटला की मी पेटवणार, त्याच्या आत तू घर गाठ. चैत्राच्या उन्हात तो पाण्याविना, मी बिडीविना.

"तू तर पाणी पितोस राव," तो चिडवायचा. "तुझा रोजा अर्धाच."

खोलीवर गेलो की कडी लावून ज्येष्ठमध चघळत बसायचो. महिना निघाला.

ईदला त्याच्या घरी शीरखुर्मा खाल्ला. मग त्यानं बंडल काढलं. मला वाटलं होतं, महिनाभर पाळणारा माणूस पुढंही पाळील. मी तसं म्हणालो.

"रोजा अल्लाचा हाय, म्हणून निभला," तो म्हणाला. "बिडी माझी हाय. ती न्हाई सुटायची." थोड्या वेळानं म्हणाला, "दत्तोबा, उद्यापासून माझ्याजवळ बसू नको. तुझी सुटलीय."

मी पाण्याच्या टाकीमागं बसू लागलो. लोक म्हणाले, दोघांचं बिनसलं. एकदा न राहवून लिंबाकडं निघालो, तर मला येताना पाहून अन्वरनं पाठ फिरवली. मी परत फिरलो.

माझा खोकला थांबला. पुढं त्याचा सुरू झाला. लेथच्या आवाजातही ऐकू यायचा. टाकीकडं ये, म्हणून मी दोनदा सांगितलं. तो नुसता हसला.

अन्वर एकोणीसशे एकोणसाठच्या मार्गशीर्षात, एका बुधवारी, छातीच्या दुखण्यानं वारला.